असोला नारळ

मराठी विभागाकडे महाविद्यालयाने कधीही लेखी न सोपवलेली अशी काही कामे असतात. निमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासायचे, प्रमुख पाहुण्यांचा परिचय लिहून द्यायचा, फेब्रुवारीच्या अखेरीस मराठी भाषा गौरव दिनाचा फलक रंगवून घ्यायचा, आणि शोकप्रस्ताव लिहायचे. "तुम्ही मराठीचे ना, मग चार ओळी द्या लिहून," एवढ्या एका वाक्यावर ही जबाबदारी येते. आम्ही दोघे पतिपत्नी सावंतवाडीत राहतो, दोघेही मराठीचे अध्यापक, महाविद्यालये मात्र वेगवेगळी. त्यामुळे आमच्या घरात शोकप्रस्तावांचे दोन प्रवाह येऊन मिळतात. वीस वर्षांत असे किती लिहिले, हे आम्ही मोजलेले नाही. निवृत्त सेवकांचे, माजी प्राचार्यांचे, मोठ्या लेखकांचे. त्यांत अधूनमधून एक असा येतो की ज्यात जन्मवर्ष आणि मृत्युवर्ष यांच्यात वीसचेही अंतर नसते.

या शेवटच्या प्रकारची भाषा ठरलेली आहे. 'काळाने घाला घातला', 'क्रूर नियतीने हिरावून नेले', 'उमलण्याआधीच कळी खुडली गेली'. आम्हीही हीच वाक्ये लिहिली आहेत. नाकारण्यात अर्थ नाही. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने मात्र कधीतरी थांबून या वाक्यांचा कर्ता कोण, हे पाहायला हवे होते. कर्ता काळ, कर्म तो मुलगा. वळण, रस्त्यावर वाहून आलेला चिखल, वेग आणि उघडे डोके यांपैकी एकाचीही वाक्यात वर्णी लागत नाही. पुष्कळदा हेल्मेट असते, पण ते गाडीच्या आरशाला अडकवलेले किंवा कोपरात घातलेले. शोकप्रस्तावात त्याला जागा नसते, कारण ते वाङ्मयीन नसते!

हे सारे आम्हांला शहाणपणाने सुचलेले नाही. डोके आपटल्यावर सुचले, आणि तेही शब्दशः.

आमच्या घरी दाराआड एका खिळ्याला एक काळे हेल्मेट बरीच वर्षे टांगलेले होते. महामार्गाच्या कडेला दोरीवर ओळीने टांगून विकायला ठेवतात, त्यांतलेच एक. घेताना विक्रेत्याने जे सांगितले ते आजही आठवते : "घेवा सर, ह्या घातलास की पोलीस बगूचो नाय." त्या वस्तूच्या गुणवत्तेविषयी त्याने याहून अधिक दावा केला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणाच म्हणायचा. आमचीही अपेक्षा तेवढीच होती. हेल्मेट हे डोक्यासाठी नसून दंडाच्या पावतीविरुद्ध वापरायचे एक प्रकारचे दस्तऐवज आहे, अशी आमची समजूत होती. म्हणून एकच घेतले. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर ते असे. मागे बसणारीच्या डोक्यावर अबोलीची वेणी किंवा पावसाळ्यात प्लास्टिकची टोपी. आम्ही दोघेही डोक्यावरच पोट असलेली माणसे. दोघांच्या डोक्यांत मिळून जे काही साठवलेले आहे त्यावरच घर चालते. तरीही त्यांपैकी एकच डोके झाकावे, ही वाटणी इतकी वर्षे आम्हांला विचित्र वाटली नाही.

२०२२ च्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर तीनचार दिवसांनी, आम्ही वेंगुर्ल्याहून संध्याकाळी परतत होतो. तळवड्याच्या अलीकडे एका वळणावर वरच्या भरडावरून तांबडी माती वाहून रस्त्यावर आली होती. या मातीचे वैशिष्ट्य आमच्या भागातल्या कोणालाही सांगायला नको. उन्हाळ्यात ती धूळ असते आणि जूनमध्ये साबण होते. वेग फार नव्हता. समोरून कोणी येत नव्हते. कोणाची चूक काढावी असेही काही नव्हते. पुढचे चाक निसटले आणि आम्ही दोघे दोन दिशांना पडलो. चालवणाऱ्याचे हेल्मेट पहिल्याच हिसक्यात डोक्यावरून निघाले, कारण पट्ट्याचे प्लास्टिकचे कडे तुटले. ते घरंगळत जाऊन शेजारच्या व्हाळात पडले आणि उताणे तरंगत गेले. त्याचे नशीब बलवत्तर की तळवे आणि गुडघे सोलवटण्यावर निभावले. मागे बसलेली मात्र कडेच्या गडग्यावर पडली. गडगा जांभ्या चिऱ्यांचा होता.

आमच्या जिल्ह्यात डोक्याच्या दुखापतीला एक गावाचे नाव आहे : बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेज तिथे आहे, सावंतवाडीहून साठेक किलोमीटरवर. 'बांबोळीक न्हेलो' एवढे दोनच शब्द कानावर पडले की ऐकणारा पुढचे विचारत नाही, मनातल्या मनात देवाला गाऱ्हाणे घालतो. त्या रात्री आम्ही ते साठ किलोमीटर रुग्णवाहिकेत काटले. एकाला त्यांतला प्रत्येक किलोमीटर आठवतो. दुसरीला एकही आठवत नाही. पडण्याआधीची सुमारे चाळीस मिनिटेही तिच्या स्मृतीतून पुसली गेली आहेत. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. मेंदूला हादरा बसला आहे, विश्रांती हवी, असे सांगून दोन दिवसांनी घरी सोडले. नातेवाइकांच्या मते आम्ही सुटलो होतो.

घरी आल्यावर नामे जाऊ लागली. क्रियापदे नाही, विशेषणे नाहीत, नेमकी नामे. "ते जरा दे, चहाचे..." इथे वाक्य थांबे. गाळणी हा शब्द यायला मिनिट लागे. झारा, उंबरठा, शेजारच्या मुलाचे नाव. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू. स्वयंपाकघरात हे चालून गेले. ऑगस्टमध्ये ती वर्गावर उभी राहिली, छंदांचा तास होता, आणि आयुष्यात जो शब्द हजार वेळा उच्चारला असेल तो 'अनुष्टुभ्' काही केल्या आठवेना. खडू हातात, फळ्यावर आठ अक्षरांचे चरण मांडलेले, समोर तिसऱ्या वर्षाची मुले. एका मुलीने तो शब्द हळूच सांगितला. तास पूर्ण झाला. त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. भाषेवर जगणाऱ्या माणसाचे नाम हरवणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ज्याच्या हातात गाडी होती आणि डोक्यावर ते काळे हेल्मेट होते, त्याला त्या शांततेत काय वाटले असेल, तेही नको.

शब्द परत आले, साधारण दिवाळीपर्यंत. सगळे आले की नाही हे कसे मोजणार? जो आलाच नाही तो गेला आहे, हे तरी कसे कळणार?

त्यानंतर हेल्मेटची निवड हा आमच्या घरात अभ्यासाचा विषय झाला. अभ्यासाची सवय असलेली माणसे दुःखाचेही टिपण काढतात, तसेच हे. सुरुवात अर्थातच शब्दापासून झाली. 'शिरस्त्राण' हा शब्द आपण पाटीवर, परिपत्रकात आणि ऐतिहासिक कादंबरीत वापरतो. बाकी सर्वत्र हेल्मेट. 'पादत्राण' मात्र निदान देवळाच्या पाटीवर तरी टिकून आहे. गंमत 'त्राण' या शब्दाची आहे. संस्कृतात त्याचा अर्थ रक्षण. मराठीत तो 'अंगात त्राण उरले नाही' असा बळाच्या अर्थाने रुळला. ज्याच्या रक्षणाची तजवीज आहे तोच बळ धरू शकतो, असा काही प्रवास या अर्थांतरामागे असेल का, यावर आम्ही एक रविवार घालवला. निष्कर्ष निघाला नाही. असो.

मग इतिहासाकडे वळलो आणि तिथे एक लेखकच भेटला. टी. ई. लॉरेन्स, 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून जगाला माहीत असलेला, होमरच्या 'ओडिसी'चा इंग्रजी गद्यानुवाद करणारा. दुचाकीच्या वेगाचे त्याला विलक्षण वेड. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, आपल्या लहानशा घराजवळच, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो ब्रफ सुपीरियरवरून फेकला गेला. डोके उघडे होते. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी तो गेला; वय ४६, म्हणजे आमच्याच आसपासचे. त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांना हा मृत्यू विसरता आला नाही. १९४१ साली त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निबंध लिहिला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये दुचाकीवरून रस्त्यावर मेलेल्यांची संख्या त्यांनी दिली : २,२७९. अपघात होऊनही हेल्मेट घातलेले असे सातच जण त्यांच्या पाहण्यात आले होते, आणि सातही जिवंत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

केर्न्सच्या जागी आम्ही असतो तर? एका लेखकाच्या मृत्यूवर आम्ही शोकप्रस्ताव लिहिला असता, आणि काळाने घाला घातला असता. त्यांनी काळाला कर्त्याच्या जागेवरून उठवले. पुढे २००८ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. हेल्मेटमुळे दुचाकीच्या अपघातात मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. आकडे आम्हांला फारसे पेलत नाहीत, पण हे दोन पाठ झाले आहेत.

हेल्मेट वाचवते म्हणजे नेमके काय करते, हे मात्र पुस्तकातून नीट उमगले नव्हते. आमची समजूत अशी की कवच जितके कठीण तितके चांगले. ती समजूत परसात मोडली. माडावरून पाडलेले नारळ चाळीसपन्नास फुटांवरून खाली येतात, चिऱ्यावर पडतात, उसळतात आणि शाबूत राहतात. तोच नारळ सोलून देवापुढे हातभर उंचीवरून आपटला की दोन शकले. करवंटी दोन्ही वेळा तीच, तितकीच कठीण. फरक असतो तो सोडणाचा. असोला नारळ पडतो तेव्हा सोडण दबते, आघाताचा वेळ लांबवते, आणि आत करवंटीपर्यंत पोहोचतो तो धक्का मवाळ झालेला असतो. आपली कवटी ही करवंटी आहे आणि निसर्गाने तिच्यावर सोडण दिलेले नाही. ते विकत घ्यावे लागते.

हेल्मेटमध्ये हे सोडणाचे काम थर्माकोल करतो. होय, तोच, २०१८ च्या बंदीपर्यंत आपण ज्याची गणपतीची मखरे करत होतो त्याच जातीचा, फक्त अधिक घट्ट. बाहेरचे चकचकीत कवच टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि धक्का पसरवते. खरी आहुती पडते ती या पांढऱ्या थराची. तो स्वतः चिरडतो आणि चिरडला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले तरी टाकून द्यायचे असते. आम्ही टांगून ठेवलेल्या त्या काळ्या वस्तूत हा थर होता की नाही? पुढे एका दुकानात तसलेच एक उलटून पाहिले. आत स्पंजाचा पातळ तुकडा आणि त्यामागे थेट प्लास्टिक. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षे डोक्यावर दुसरी करवंटी घालून हिंडत होतो.

आता प्रत्यक्ष खरेदी. सावंतवाडीत दोन दुकाने पाहिली, म्हापशात एक. जाण्याआधी शेजारच्या शिंप्याकडून मापाची फीत मागून आणली आणि भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवून मापे घेतली. एकाचे ५९ सेंटिमीटर, दुसरीचे ५६. इतकी वर्षे एकच हेल्मेट 'गरज पडली तर' दोघांनाही चालेल असे आम्ही धरून चाललो होतो! पुढे कळले की घेर सारखा असूनही डोक्याचा घाट वेगळा असू शकतो. कोणाचे डोके पुढून मागे लांबट, कोणाचे गोलसर. म्हणून मापाचा आकडा ही केवळ प्रस्तावना; संहिता डोक्यावर चढवूनच वाचावी लागते.

दुकानदार नेहमी एक माप मोठे देतो. ते सहज चढते, सुखद वाटते, गिऱ्हाईक खूश होते. तिथेच फसगत आहे. नव्या हेल्मेटने गाल थोडे दाबले पाहिजेत, कारण आतली गादी काही आठवड्यांत बसते. घालून डोके हलवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते आपले नव्हे. पट्टा बांधून मागची कड धरून कोणीतरी वर आणि पुढे ओढावे. निघून आले तर अपघातातही निघेल, जसे आमचे व्हाळात गेले. ही परीक्षा आम्ही दुकानात एकमेकांवर केली. "अहो, जोराने ओढा, लाजता काय!" असे म्हणणारी बायको आणि भर दुकानात तिचे डोके ओढणारा प्राध्यापक हे दृश्य पाहून बाहेरचे दोन विद्यार्थी न पाहिल्यासारखे करून निघून गेले.

मग बसून राहायचे. हे कोणी सांगत नाही, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच. पंधरा मिनिटे हेल्मेट घालून दुकानाच्या बाकावर बसायचे. गाल दाबले जाणे वेगळे आणि कपाळाच्या एकाच बिंदूवर टोचणे वेगळे. पहिले सवयीने जाते, दुसरे अर्ध्या तासात डोकेदुखी होते आणि आठवडाभरात हेल्मेट पुन्हा खिळ्यावर. काढल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी तांबडा वळ दिसला तर ते परत द्यायचे. आमच्यातल्या एकीने अशी तीन हेल्मेटे परत दिली. तिसऱ्या वेळी दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण साडी घेताना दुकानात तीस साड्या उलगडल्या जातात तेव्हा हाच समाज काही बोलत नाही.

सुरक्षितता आणि आराम ही दोन टोके आहेत असे आपण मानतो. जे कडू ते औषध, या न्यायाने. हेल्मेटच्या बाबतीत हा न्याय लागू पडत नाही. आमच्या ओळखीतली जी जी माणसे हेल्मेट घालत नाहीत त्यांना मृत्यूचे भय नाही असे नाही. त्यांना मे महिन्यातला घाम, चष्म्याच्या दांड्या, मानेवरचा भार आणि विस्कटणारे केस यांचा रोजचा, प्रत्यक्ष त्रास आहे. दूरच्या मृत्यूपेक्षा जवळचा घाम नेहमीच बलवान ठरतो. कोकणच्या दमट हवेत तर विशेष. म्हणून हवा खेळती ठेवणारी छिद्रे खरोखर उघडतात की नुसती कोरलेली आहेत, हे बोट घालून पाहायचे. आतले अस्तर सुटे होऊन धुता येते का, हे विचारायचे. चष्मा लावणाऱ्याने चष्मा बरोबर नेऊन, हेल्मेट चढवल्यावर दांड्या कानशिलाशी टोचतात का ते पाहायचे. वजन हातात नव्हे, मानेवर तोलायचे. आपल्या मानकाने एकेकाळी वजनाची मर्यादा दीड किलोवरून १.२ किलोवर आणली होती ती उगीच नाही. उष्ण प्रदेशातल्या माणसाने जे वागवायचे ते हलकेच हवे.

केसांचा प्रश्न पुरुष लेखकांनी लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शनात आम्हांला आढळला नाही. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. बसवले तर ते पुढे कलते आणि डोळ्यांवर येते. उत्तर साधे आहे. मानेलगत सैल वेणी. पण हे साधे उत्तर म्हणजे वीस वर्षांची सवय मोडणे. आणि अबोली? शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी विचारले, "अगो, आता येणी खंय माळतलंस?" आता फुले डब्यातून जातात आणि महाविद्यालयात पोहोचल्यावर माळली जातात. यात काही गमावले आहे असे वाटत नाही. उलट वाऱ्याने ती पूर्वी अर्धी गळलेली असायची.

पूर्ण चेहरा झाकणारे घ्यावे की समोरून उघडे, यावर मतभेद झाले. उघड्यात हवा लागते, ओळखीच्या माणसाला हाक मारता येते; सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने जाताना दहा जणांना मान डोलावावी लागते. पण अपघातातल्या आघातांपैकी मोठा वाटा हनुवटी आणि जबड्यावर येतो. जबड्यावर ज्यांची उपजीविका आहे त्यांनी ते उघडे ठेवू नये, या युक्तिवादापुढे विरोध मावळला. मान आता हेल्मेटसकट डोलावतो. रंग पांढरा घेतला. न्यूझीलंडमधल्या २००४ च्या एका अभ्यासात काळ्यापेक्षा पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना अपघाताचा धोका सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी आढळला होता, कारण ते इतरांना दिसते. शिवाय काळा रंग आमच्या घरात नको होता. त्याला अभ्यासाचा आधार नाही.

उरला शिक्का. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही चिकटवतो. परवान्याचा क्रमांक मात्र मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर घालून पाहता येतो. आम्ही दुकानातच घालून पाहिला. हस्तलिखिताची अस्सलता तपासण्याचा आनंद त्यात होता, हे कबूल करायला हवे.

इथे कोणाला पुणे आठवेल. २०१९ च्या जानेवारीत तिथे हेल्मेटसक्तीविरुद्ध पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला होता. पगडीचा मान आम्हांलाही कळतो. आपल्या भाषेत डोक्यावरचे वस्त्र म्हणजे अब्रू. मात्र ज्या राजाच्या नावाने आपण पागोट्याची शान सांगतो, त्याने १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जाताना मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे परंपरा सांगते. मंदिलही होता आणि टोपही. टोप होता म्हणून मंदिलाची शोभा कमी झाल्याचे कोणत्याही बखरकाराने नोंदवलेले नाही.

आज आमच्याकडे दोन हेल्मेटे आहेत, दोन मापांची. पावसाळ्यात अस्तरांना बुरशीचा वास लागतो म्हणून ती पंधरवड्याला सुटी करून साबणाच्या पाण्यात धुतो आणि चुलीच्या वरच्या दोरीवर वाळत घालतो. आंबोलीला जाताना घाटात धुके उतरले की काचेवर आतून वाफ धरते. तेव्हा काच बोटभर उघडी ठेवून, अगदी हळू, कधी कधी थांबून जातो. पूर्वी थांबत नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा एकत्र शिरोड्याला गेलो. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात तिथल्या शाळेत शिकवत होते. त्या शाळेवरून जाताना मागच्या हेल्मेटने पुढच्या हेल्मेटवर टक्कन टिचकी मारली. बोलणे ऐकू येत नाही म्हणून आमची ही नवी खूण आहे. एक टिचकी म्हणजे 'पाहा'. दोन म्हणजे 'हळू'.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा एक शोकप्रस्ताव लिहायची वेळ आली. दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता. या वेळी आम्ही रात्री एकत्र बसून मसुदा केला. काळ आणि नियती यांना बाहेर ठेवले. 'त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते' असे वाक्य लिहिले. ते वाक्य खरे होते, व्याकरणशुद्ध होते आणि सभागृहात बसलेल्या सातआठशे मुलांनी ऐकायलाच हवे असे होते. सकाळी ते वाक्य आम्हीच खोडले. पहिल्या रांगेत त्याची आई बसणार होती. सभा नेहमीसारखी झाली, दोन मिनिटे शांतता पाळली गेली.

त्यानंतरच्या तासाला शिंप्याची ती फीत पर्समध्ये होती, कशी ते सांगता येत नाही. तिने ती टेबलावर ठेवली आणि छंद सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपल्या डोक्याचे माप घेऊन वहीच्या मागच्या पानावर लिहावे असे सांगितले. मुले हसली. मग एकमेकांच्या डोक्याभोवती फीत फिरवू लागली, ५४, ५७, ६०, आणि वर्गात बाजार भरल्यासारखा गलका झाला. दोडामार्गकडून रोज गाडीने येणाऱ्या एका मुलाने घरी भावाचे माप घ्यायचे आहे म्हणून फीत मागून नेली. तिथून ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेली असे कळते. शिंपी दोनदा विचारून गेला आहे. त्याला नवी घेऊन द्यावी लागणार.